लॅपटॉपला हात लावला की मुंग्या येतात, त्या कुठून?

आजचा विषय बरेच दिवस यादीत पडून होता, कारण मित्रांच्या प्रत्येक ग्रुपमध्ये कोणीतरी एकदा तरी हे विचारतंच. लॅपटॉप चार्जिंगला लावलाय, पायात काही नाही, खाली फरशी, आणि मनगट लॅपटॉपच्या कडेला टेकलं की मुंग्या येतात. बोट हलकेच फिरवलं तर पत्रा खरखरीत लागतो. चार्जर काढला की तोच पत्रा एकदम गुळगुळीत. चप्पल घातली की बंद. खुर्चीवर मांडी घालून बसलं की बंद.

यावर मिळणारी उत्तरंही ठरलेली असतात. "स्टॅटिक असेल रे." "चार्जर डुप्लिकेट आहे." "मेटल बॉडी आहे ना, होणारच." आणि सगळ्यात लोकप्रिय म्हणजे, "चप्पल घालून बस." यातलं शेवटचं मला सगळ्यात जास्त खटकतं. का, ते पुढे येईलच.

मी सॉफ्टवेअरवाली आहे, इलेक्ट्रिकलची नाही, हे आधीच सांगते. पण बीटेकच्या पहिल्या वर्षी बेसिक इलेक्ट्रिकल सगळ्यांच्याच गळ्यात असतं, आणि आजचं बरंचसं तिथलंच आहे. बाकीचं पुण्यात भाड्याची घरं बदलता बदलता कळलं.

आधी स्टॅटिकचा निकाल लावू. हिवाळ्यात स्वेटर काढताना चट्ट होतं ना, ते स्टॅटिक. एकदा होतं आणि संपतं. लॅपटॉपच्या मुंग्या संपत नाहीत, हात ठेवाल तितका वेळ येत राहतात. म्हणजे तिथे करंट सतत वाहतोय. तो थेट तुमच्या भिंतीतल्या सॉकेटमधून येतोय, सेकंदाला १०० वेळा दिशा बदलत.

कसा येतो? चार्जरच्या आत २३० व्होल्टची बाजू आणि तुमच्या लॅपटॉपकडे जाणारी १९-२० व्होल्टची बाजू एकमेकींपासून वेगळ्या ठेवलेल्या असतात. मधे छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. पण हे चार्जर आतल्या आत सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात आणि त्यातून विजेचा प्रचंड कचरा तयार होतो, रेडिओ-वायफायला त्रास देणारा. तो कचरा जिथून आला तिथे परत पाठवायला दोन्ही बाजूंमधे एक छोटा कपॅसिटर मुद्दाम लावतात. त्याला वाय कपॅसिटर म्हणतात. तो कचऱ्याला वाट देतो, पण घरातल्या ५० हर्ट्‌झच्या विजेलाही किंचितशी वाट मिळतेच.

किती किंचित? गणित सोपं आहे. २.२ नॅनोफॅरडचा कपॅसिटर धरा, २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ. करंट येतो साधारण ०.१६ मिलिअँपिअर. दोन पिनांच्या चार्जरसाठी अशा गळतीची मर्यादा ०.२५ मिलिअँपिअर आहे, म्हणजे चांगल्या कंपनीचा चार्जर नियमातच बसतो. माणसाला करंट जाणवायला साधारण अर्धा मिलिअँपिअर लागतो असं पुस्तकात असतं, पण मनगटाची आतली पातळ कातडी आणि पत्र्याची धार असली की त्याहून कमीही जाणवतो. तेव्हा नुसत्या या मुंग्यांनी माणूस मरत नाही. एवढ्यावर पॉडकास्ट संपवता आला असता.

पण आता तुमच्या चार्जरची पिन बघा. आत्ताच, ऐकता ऐकता. दोन पिना आहेत की तीन?

दोन असतील, आणि चार्जरवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल, तर त्याला अर्थिंग नकोच अशी त्याची रचना आहे. त्याच्या मुंग्या ही त्याच्या स्वभावातली गोष्ट. मॅकबुकवाल्यांसाठी एक गंमत: त्या चार्जरच्या ठोकळ्याचं भिंतीत खुपसायचं तोंड काढलंत तर आत एक गोल धातूचं बटण दिसेल. ती अर्थची जागा आहे. आपल्याकडचं दोन पिनांचं तोंड तिला वापरतच नाही. तीन पिनांची लांब केबल वेगळी मिळते, ती लावली की बटण अर्थला जोडलं जातं आणि मुंग्या गायब. अर्थात भिंतीत अर्थ असेल तर.

आणि तीन पिना असतील, म्हणजे ठोकळ्यात जाणाऱ्या केबलचं टोक मिकी माऊसच्या डोक्यासारखं असेल, तर गोष्ट वेगळी होते. बहुतेक अशा चार्जरमधे लॅपटॉपचा पत्रा तिसऱ्या पिनेतून जमिनीला जोडलेला असतो. गळती असते, पण ती तुमच्या मनगटाऐवजी हिरव्या वायरने निघून जाते. तुम्हाला काही जाणवायलाच नको. तरी जाणवतंय? मग ती तिसरी पिन कुठेच जात नाहीये. आतले दोन कपॅसिटर, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून, मधल्या बिंदूला अधांतरी ठेवतात आणि तुमचा लॅपटॉप २३० च्या निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत बसतो. करंट तेवढाच चिमूटभर, म्हणून तुम्ही ठीक आहात.

खात्री करायची असेल तर तोच लॅपटॉप, तोच चार्जर ऑफिसला न्या आणि तिथेही कन्व्हर्टर न लावता थेट सॉकेटमधे घाला. तिथे मुंग्या नाहीत आणि घरी आहेत, तर चार्जर बदलून काय होणार? आजार तुमच्या भिंतीत आहे.

(मधेच एक सांगते. लॅपटॉपला टेस्टर लावून बघू नका, म्हणजे लावा हवं तर, पण त्यावर विश्वास ठेवू नका. टेस्टरमधला निऑन दिवा इतक्या थोड्या करंटवर पेटतो की त्याला चिमूट आणि पोतं यातला फरक कळत नाही.)

तर चप्पल घालून बस या सल्ल्याचा राग यासाठी. लॅपटॉप फुकटात सांगतोय की या सॉकेटला अर्थिंग नाही. आपण चप्पल घालून त्याचं तोंड बंद करतो. आणि त्याच घरात, बहुतेक वेळा त्याच तुटक्या हिरव्या वायरवर, गिझर आहे. फ्रिज आहे. वॉशिंग मशीन आहे.

लॅपटॉपला कपॅसिटरने लगाम घातलाय. गिझरला तसा लगाम नाही. गिझरची कॉइल आतून फाटली आणि फेज पाण्याला किंवा टाकीला लागली, तर मधे अडवायला काही नसतं. ओल्या माणसाच्या शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास धरला तर २३० व्होल्टला होतात २३० मिलिअँपिअर. लॅपटॉपपेक्षा हजारपटीहून जास्त. बर्कली विद्यापीठात चार्ल्स डॅल्झिएल नावाच्या प्राध्यापकांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून शोधलं होतं की किती करंटला माणसाला हातातली वस्तू सोडता येत नाही. पुरुषांची सरासरी आली १६ मिलिअँपिअर, बायकांची १०.५. त्याच्या पुढे स्नायू आवळतात, हात सुटत नाही. ५० च्या पुढे गेलं आणि सेकंदभर टिकलं की हृदयाचा ठोका विस्कटू शकतो.

आणि एमसीबी? १६ अँपिअरचा एमसीबी म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. त्याच्या दृष्टीने २३० मिलिअँपिअर म्हणजे एखादा छोटा बल्ब. तो वायर जळू नये म्हणून आहे, तुमच्यासाठी नाही. "आमच्याकडे एमसीबी आहेत" हे उत्तर मी इतक्या शिकलेल्या लोकांकडून ऐकलंय की बस.

जून २०२४ मधे आपल्या पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यातल्या दापोडी गावात, एकाच घरातले तिघं गेले. कपडे वाळत घालायच्या तारेत वीज उतरली होती. एकाला वाचवायला दुसरा, त्यांना वाचवायला तिसरा. तिथे लॅपटॉपचा संबंध नाही, पण प्रकार तोच: जो धातू जिवंत असायला नको तो जिवंत झाला, आणि वीज तोडणारं मधे काही आलं नाही. एनसीआरबीच्या आकड्यांत देशभरात विजेच्या धक्क्याने जाणाऱ्यांची संख्या अलीकडे दर वर्षी बारा हजारांच्या वर असते.

आता पुण्यातच अर्थिंग इतकं गायब का असतं? एक म्हणजे जुनी घरं. पेठांमधले वाडे, जुन्या चाळी, तिथलं वायरिंग लाकडी पट्टीवरून दोन वायरींचं. तिसरी वायर नव्हतीच. नंतर कोणीतरी तीन भोकांचं सॉकेट बसवलं, कारण दुकानात तेच मिळतं. वरचं मोठं भोक मागून मोकळं. बाहेरून घर आधुनिक.

दुसरं, नव्या घरांतला निष्काळजीपणा. कर्वेनगरच्या एका भाड्याच्या फ्लॅटमधे मी वायरमन काकांना बोलावून डीबी उघडायला लावली होती. प्रत्येक सॉकेटपासून हिरवी वायर व्यवस्थित आलेली. डीबीत पोचली होती, आणि तिथे सगळ्या हिरव्या वायरी एकत्र पिळून, वर टेप गुंडाळून कोपऱ्यात दडवलेल्या. पुढे कुठेच जोडलेल्या नाहीत. काका हसले, म्हणाले, "ताई, फिनिशिंग मस्त केलंय." जोडायला त्यांना अर्धा तासही लागला नाही.

तिसरं, आपण स्वतः. थ्री पिनचं टू पिन करणारा वीस-तीस रुपयांचा कन्व्हर्टर. अर्थची पिन बसत नाही म्हणून ती कापून टाकणं. ज्यात आत दोनच वायरी आहेत असं स्वस्तातलं एक्स्टेंशन बोर्ड. ती वरची पिन जाडी आणि लांब उगीच नाही. आत जाताना ती सगळ्यात आधी जोडली जावी आणि बाहेर येताना सगळ्यात शेवटी सुटावी, म्हणून तशी केलीय. आपण नेमकी तीच कापतो.

आणि चौथं कारण आपल्या पायाखालचं. अर्थिंग म्हणजे शेवटी सोसायटीच्या कडेला एक खड्डा, त्यात पाइप किंवा पट्टी, भोवती कोळसा आणि मीठ. ओल असेल तर ते चालतं. पुण्याची जमीन म्हणजे बऱ्याच ठिकाणी वर थोडी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. कातळ विजेला फारसा घेत नाही, आणि मुरूम एप्रिल-मेमधे कोरडा ठणठणीत. म्हणून त्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालायचं असतं. तुमच्या सोसायटीचा खड्डा कुठे आहे माहितेय? विचारा एकदा. पार्किंगला पेव्हर ब्लॉक बसवताना तो खाली गेला असेल तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

पण अर्थिंग जोडलं म्हणजे झालं असंही नाही, आणि हे फार कमी लोक सांगतात. समजा तुमच्या खड्ड्याचा रोध २० ओहम आहे आणि करंटला जमिनीतूनच परत जायचंय. गिझरची फेज बॉडीला लागली. २३० भागिले २०, साडेअकरा अँपिअर. १६ चा एमसीबी तेवढ्यावर लगेच पडेल याची काही खात्री नाही. तोवर गिझरचा पत्रा जिवंतच. म्हणून अर्थिंगच्या जोडीला आरसीसीबी लागतो. जुने वायरमन त्याला ईएलसीबी म्हणतात, दुकानात दोन्ही नावं चालतात.

त्याचं काम मला फार आवडतं, कारण तो अगदी हिशोबनीसासारखा आहे. फेजने किती करंट गेला आणि न्यूट्रलने किती परत आला, एवढंच तो बघतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो बंद. मानकाप्रमाणे ०.३ सेकंदाच्या आत, आणि गळती १५० मिलिअँपिअर असली तर ०.०४ सेकंदात. हरवलेला करंट गिझरच्या बॉडीतून गेला की तुमच्यातून, त्याला देणंघेणं नाही. म्हणजे अर्थिंग नसलेल्या वाड्यातसुद्धा तो काम करतो. फरक एवढाच की अर्थिंग असेल तर पत्रा जिवंत होताच तो पडेल, नसेल तर कोणीतरी हात लावल्यावर. तुम्ही एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल पकडलीत तर मात्र त्याला काहीच कळणार नाही.

लॅपटॉपच्या मुंग्यांवर तो पडत नाही. ३० च्या पुढे ०.२ म्हणजे काहीच नाही. त्यामुळे आरसीसीबी बसवूनही मुंग्या राहिल्या तर तो खराब समजू नका.

खर्च? चांगल्या कंपनीचा, दोन पोलचा, ३० मिलिअँपिअरचा, साधारण दोन-तीन हजार रुपये. घेताना ३० आहे हे बघा. १०० आणि ३०० वालेही मिळतात, ते मुख्यतः आगीसाठी, माणसासाठी नव्हेत.

आता एक जुगाड, जो कोणी सुचवला तर सरळ नाही म्हणायचं. "अर्थिंग नाही ना? थांबा, करून देतो." म्हणून सॉकेटच्या मागे न्यूट्रलमधून एक छोटा तुकडा काढून अर्थच्या पिनला जोडतात. मुंग्या थांबतात. बल्ब लावून तपासलं तर झकास पेटतो. तुम्ही खूश, पैसे देऊन मोकळे. मग एखाद्या पावसाळी रात्री खांबावर किंवा मीटरपाशी न्यूट्रल सुटते. त्या क्षणी घरात जे काही चालू आहे त्यातून फेज न्यूट्रलच्या वायरवर येते, तिथून त्या तुकड्यावर, आणि तिथून फ्रिजच्या दारावर, वॉशिंग मशीनवर, लॅपटॉपवर. पूर्ण २३०. अर्थिंग नसलेलं घर परवडलं, पण हे नको.

हे ओळखायचं कसं? मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही २३० च्या जवळपास यायला हवेत, आणि न्यूट्रल-अर्थमधे एखाद-दोन व्होल्ट दिसावेत. फेज-अर्थ ८०, १२० असं काहीतरी अर्धवट आलं तर अर्थ अधांतरी आहे. आणि घरात गिझर-इस्त्री चालू असतानाही न्यूट्रल-अर्थ अगदी शून्य येत असेल, तर तो तुकडा असण्याची शंका घ्या. ऑनलाइन काही शे रुपयांना तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर मिळतो, तो अर्थ गायब आहे का ते सांगतो, पण हा जुगाड त्याला ओळखता येत नाही. मल्टिमीटरची सवय नसेल तर सॉकेटमधे पिना खुपसू नका. परवानाधारक वायरमनला बोलवा. तो बल्ब लावूनही तपासेल, कारण नुसता मीटर कधी कधी फसवतो.

भाड्याने राहणाऱ्यांचा खरा प्रश्न वेगळा असतो: मालक ऐकत नाहीत. घर बघायला जातो तेव्हा आपण पाणी किती वाजता येतं विचारतो, पार्किंग विचारतो, मालक आपल्याला लग्न झालंय का विचारतात. त्यात तो सॉकेट टेस्टर खिशातून काढून दोन सॉकेटमधे घालायला एक मिनिट लागतं. टोकन द्यायच्या आधी. नंतर बोललात तर "आम्ही वीस वर्षं राहिलो, काही झालं नाही" हे उत्तर तयार असतं. त्यावर वाद घालू नका. "काका, लॅपटॉपला करंट येतो" असं म्हणालात तर ते लॅपटॉप बदल म्हणतील. "काका, गिझरच्या सॉकेटला अर्थिंग नाहीये, डीबीत वायर जोडायची आणि एक आरसीसीबी बसवायचाय, वायरमन मी आणते, अर्धे पैसे तुमचे" असं म्हणून बघा. आकडा आणि काम ठरलेलं असलं की माणसं पटकन हो म्हणतात. माझा तरी अनुभव तसा आहे.

कायदाही आपल्या बाजूचा आहे. ग्राहकाच्या जागेत वीज येते तिथे अर्थचं टर्मिनल द्यायचं आणि सांभाळायचं ही वीज पुरवणाऱ्याची जबाबदारी, हे १९५६ च्या भारतीय वीज नियमांमधे, नियम ३३ मधे होतं. गळती ओळखून वीज तोडणाऱ्या उपकरणाची तरतूद केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांत होती आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या नियमांतही आहे. मीटरपर्यंतचा प्रश्न असेल तर महावितरणला १९१२ वर कळवा. मीटरच्या पुढचं वायरिंग घरमालकाचं.

चार्जरबद्दल एक राहिलं. मी वर सगळं चांगल्या चार्जरबद्दल बोलले. वाय कपॅसिटर खास प्रकारचा असतो, बिघडला तरी शॉर्ट होऊ नये अशा बेताने केलेला. फुटपाथवरच्या चारशे रुपयांच्या चार्जरमधे त्या जागी काय बसवलंय कोण बघतंय? तो शॉर्ट झाला तर लगाम सुटला. चार्जरवर बीआयएसचं चिन्ह, आयएस १३२५२ आणि आर अक्षराने सुरू होणारा नंबर बघून घ्या. आणि मुंग्यांच्या जागी कधी झटका बसला, हात मागे खेचावासा वाटला, तर तो चार्जर त्याच दिवशी कचऱ्यात. मुंग्या आणि झटका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कोणाला धक्का बसून तो चिकटला असेल तर आधी मेन स्विच. त्याला हात लावायचा नाही, दौंडची गोष्ट आठवा. मेन सापडत नसेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकने ढकलायचं. तुमच्या घराचा मेन कुठे आहे, हे रूममेटलाही माहीत हवं.

आरसीसीबी आधीच असेल तर त्यावर टी लिहिलेलं एक बटण असतं. महिन्यातून एकदा दाबायचं, खटकन पडला पाहिजे. नाही पडला तर बदला. आणि सारखा पडतो म्हणून कोणी तो बायपास करून ठेवला असेल, तर बहुतेक वेळा इन्व्हर्टरची न्यूट्रल घराच्या न्यूट्रलमधे मिसळलेली असते. तो घोळ मोठा आहे, पुढच्या भागात फक्त त्यावरच बोलू. तोपर्यंत तुमच्या सॉकेटचे आकडे कमेंटमधे टाका: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ, आणि घर किती जुनं आहे ते.